शनिवारची सुई

प्रिय धम्मदीप,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील आणि उघडावं की नाही या विचारात समोरचा चहा थंड केला असशील. उघडलंस, बरं केलंस. पत्ता नंदिनीताईनं दिला. तुझी ही थोरली बहीण अजून तशीच आहे. पत्ता मागायला गेलो तर आधी बसवून तर्रीपोहे खाऊ घातले, मग सत्तावीस वर्षांचा हिशेब घेत धारेवर धरलं, आणि मग कुठे वही काढली. तू गोंदियाला शाळेत मास्तर आहेस, केस बरेच गेलेत, हेही तिनंच सांगितलं. फोन नंबरसुद्धा देत होती. मी घेतला नाही. फोनवर आपण पहिल्याच मिनिटाला भांडलो असतो, आणि माझ्या तोंडावर माझा अजूनही भरवसा नाही.

माझं म्हणशील तर हिंगण्याला एका कंपनीत आहे, टूलरूममध्ये. साचे दुरुस्त करतो. पोट सुटलंय, पण लाथ अजून कमरेच्या वर जाते. बायको करिष्मा, तिला तू पाहिलेलं नाहीस. लग्नाचं आमंत्रण मी तुला दिलं नव्हतं आणि तरी तू मांडवाच्या बाहेर स्कूटरवर येऊन गेलास, हे मला आपल्या कराटे क्लासमधल्या गोलूनं नंतर सांगितलं. तेव्हा मी त्यालाच झापलं होतं. मुलगी मिनल नववीत आहे. कराटे शिकते. नाक माझ्यावर आणि हट्टही माझ्यावर गेलाय, त्यामुळे घरात दोन धर्मेंद्र आहेत आणि करिष्मा एकटी.

मार्तंड सरांचा क्लास तू विसरला नसशीलच. जरीपटक्याच्या त्या शाळेमागे जमिनीत रोवलेल्या दोन फळ्या, वरच्या टोकाला सुंभ गुंडाळलेला. प्रत्येक हाताचे वीस ठोसे, एकविसावा नाही. मग कोमट पाण्यात मीठ टाकून हात बुडवायचे आणि तिळाचं तेल चोळायचं. आणि शनिवारी सुई. फळीला हात लावायच्या आधी प्रत्येकानं सुईत दोरा ओवून दाखवायचा. ओवला तर फळी, नाही ओवला तर आठवडाभर नुसत्या लाथा आणि उठाबशा. दुसऱ्या क्लासची पोरं आपल्याला शिलाई क्लासवाले म्हणून चिडवायची. सरांचं म्हणणं एवढंच होतं की कातडी जाड झाली म्हणजे हात पक्का झाला असं नाही. ज्या हाताला दोरा कळत नाही, त्याला आपलं हाड दुखावलेलंही कळत नाही. आपल्याला ती म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटायची. सर तेव्हा माझ्या आजच्या वयाचे होते.

मला वीस ठोशांत समाधान कुठलं. बोटांच्या गाठी सुजल्या की मला मेडल मिळाल्यासारखं वाटायचं. घरच्या गच्चीवर रंगाचा रिकामा डबा ठेवला होता, त्यात आधी रेती भरली, नंतर रस्त्याच्या कामावरून आणलेली गिट्टी. बोटं सरळ धरून त्यात खुपसायची, रोज दोनशे वेळा. डिसेंबरात राज्याच्या स्पर्धेआधी मंचावर आठ कौलं फोडून दाखवायला सरांनी माझं नाव काढलं, मग तर मी तीनशेवर गेलो. आणि शनिवारी सुई हातात धरवेना. सर रांगेच्या एका टोकापासून सुया वाटत जायचे आणि दुसऱ्या टोकाहून तपासत परत यायचे. तेवढ्या वेळात तू तुझी सुई ओवून माझ्या हातात सरकवायचास, माझी रिकामी घ्यायचास आणि तीही ओवून उभा राहायचास. पाच शनिवार आपण सरांना असं फसवलं. तुझी बोटं शिंप्यालाही लाजवतील अशी होती, आणि मी त्याबद्दल तुझे आभार मानण्याऐवजी चेष्टाच केली.

मग तो चहाचा दिवस. टपरीवर उकळत्या चहाचा स्टीलचा ग्लास मी मुठीत धरून ठेवला, तुला दाखवायला, की बघ, आता मला चटकासुद्धा लागत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला टरटरून फोड आले आणि ते फुटले तरी मला दुखलं नाही. तू बंद कर म्हणालास. मी तुला डरपोक म्हणालो. तू त्या आठवड्यात तीनदा घरी आलास, आणि मी तिन्ही वेळा आईला मी घरी नाही असं सांगायला लावलं.

पुढच्या शनिवारी तू माझी सुई घेतली नाहीस. सर आले तेव्हा एक पाऊल पुढे होऊन म्हणालास, "सर, याची सुई मी ओवून देतो. पाच शनिवार झाले. याच्या बोटाले काही समजून नाही राहिलं." अख्खी रांग ऐकत होती. सरांनी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि कौलांच्या यादीतून माझं नाव खोडून तुझं घातलं. तिथंच माझं डोकं फिरलं. मला वाटलं, सगळा बेत माझ्या जागेसाठीच होता. फाटकाशी तुला गाठून मी म्हणालो, "आजपासून तू माह्यासाठी मेला." तुला तिथंच उभं सोडून मी निघून गेलो. मग तू आठ कौलं फोडलीस, पेपरात फोटो आला. फोटो चांगला आला होता, हे आज कबूल करतो. तेव्हा मी तो फाडून टाकला.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. सरांनी मला वर्षभर फळीजवळ फिरकू दिलं नाही. मोठ्या दवाखान्यात स्वतः घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, अजून दोनेक महिने असंच चालू ठेवलं असतं तर ही दोन बोटं परत आली असती याची खात्री नव्हती. मग बोटांना व्यायाम म्हणून घरी आईसोबत तूर निवडायला बसायचं, कणीक मळायची, ओल्या फडक्याचे पिळे काढायचे. गल्लीतल्या बायकांची माझ्यामुळे फार करमणूक झाली. सात महिन्यांनी एका सकाळी आंघोळीचं पाणी करंगळीला गरम लागलं. मी न्हाणीघरात बसून रडलो, आणि त्या वेळी सगळ्यात आधी तुला सांगावंसं वाटलं. कपडे घालून तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलोसुद्धा. तिथून परत फिरलो.

सगळ्यांचेच हात बिघडतात असं मी म्हणणार नाही. मार्तंड सर सत्तरीत आहेत, अजून फळीवर मोजून वीस ठोसे मारतात आणि चष्मा न लावता सुई ओवतात. पण गोलूही माझ्यासारखाच गिट्टीच्या नादाला लागलेला; तो दुसऱ्या क्लासला गेला आणि त्यानं ती सोडली नाही. आज त्याची उजवी मूठ पूर्ण मिटत नाही. ई-रिक्षा चालवतो, थंडीत ब्रेक दाबताना तोंड वाकडं करतो आणि वर म्हणतो, काही नाही गा, वय झालं. त्याच्यासाठी कोणी सुई पुढे केली नाही. माझं पोट बोटांवर चालतं, धम्मदीप. साच्याच्या कडेला केसाएवढी धार राहिली तर मोजमापाच्या मशीनच्या आधी ती माझ्या करंगळीला कळते. कंपनीत नवीन पोरं आली की साहेब त्यांना माझा हात बघायला पाठवतात. प्रत्येक वेळी मला तू आठवतोस आणि प्रत्येक वेळी मी दुसरंच काही बोलतो. आज सरळ लिहितो. हे हात तुझ्यामुळे राहिले. मी तुझा फार ऋणी आहे, आणि हे कळूनही इतकी वर्षं तोंड लपवत राहिलो, याची लाज वाटते.

आता मिनलचं. महिनाभर ती वरणभात चमच्यानं खात होती. आम्हाला वाटलं, पोरगी मोठी झाली, नखरे सुचताहेत. घरातही हातमोजे घालून फिरायची, तर म्हणे हात काळे पडतात. गेल्या रविवारी तिची मैत्रीण काजल आली. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते, दोघी बालवाडीपासून एकत्र. माझ्यासमोर उभी राहून चपलेनं फरशी घासत राहिली, आणि मग एका दमात सगळं सांगितलं. मिनल मोबाइलवर बघून टाकीमागच्या भिंतीवर ठोसे मारते, रोज, आणि पेन धरता येत नाही म्हणून दोन आठवडे तिच्या वह्या काजलच लिहून देते आहे. सोमवारी डॉक्टरांना दाखवलं. या वयात हाडांची टोकं अजून कोवळी असतात, वेळेत आणलंत, असं ते म्हणाले. दीड महिना हाताला आराम, मग सगळं पूर्ववत होईल. तोवर स्पर्धा नाही. मिनलनं स्पर्धेचं मुकाट्यानं ऐकून घेतलं. काजलचं मात्र नाव काढू देत नाही. घरी येऊन तिनं दार लावून घेतलं आणि आतून काय म्हणाली ते मी लिहीत नाही. तुला ते वाक्य माहीत आहे.

काल संध्याकाळी कामावरून आलो तर काजल आमच्या जिन्यात बसलेली. मांडीवर मिनलची वही, पूर्ण लिहून आणलेली. ती परत करायलासुद्धा तिला कोणी दार उघडलं नव्हतं. मी शेजारी बसलो. तिनं मला विचारलं, "काका, मिनल बोलन का माह्यासोबत परत?" मी म्हटलं, "बोलन वं. टाइम लागन, पण बोलन." तिनं डोळे पुसले आणि खरं मानून घरी गेली. मी मात्र जिन्यातून उठू शकलो नाही. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं तुझ्याशी शब्द काढला नाही, तो त्या पोरीला कुठल्या तोंडानं हो म्हणाला? तू त्या फाटकाशी किती वेळ उभा राहिला असशील, हे मला काल पहिल्यांदा दिसलं. आज सुट्टी टाकली, ताईकडे जाऊन पत्ता आणला आणि लिहायला बसलो. तू दोन ओळी लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, पण स्वतःच्या हातानं लिही. मला ते पत्र काजलला दाखवायचं आहे.

तुझाच,
धर्मेंद्र