टॉर्क रेंच कुणी बिघडवला

३ फेब्रुवारी
आणला एकदाचा टॉर्क पाना! दुकानदार शेवटपर्यंत म्हणत होता, "ताई, हा मोठा न्या, ट्रकचेसुद्धा नट आवळाल." अरे, माझ्याकडे ट्रक येतात का? गाड्यांच्या चाकांना एकशे दहाचा जोर लागतो. हा आकडा पट्टीच्या साधारण मधे यायला हवा, टोकाला पाना नीट सांगत नाही. म्हणून दोनशेपर्यंतचाच घेतला. ठरलेला जोर लागला की 'टक' वाजतो. सोबत तपासणीचा दाखला मागितला, तर म्हणतो कसा— "साहेबांना विचारून येता का?"
साहेब! गॅरेजात हात काळे मी करते. दादा काउंटरवर बसतो, म्हणून साहेब तो.

४ फेब्रुवारी
दादा : "बाबांनी जन्मभर हाताच्या अंदाजाने आवळलं. निघालं कुणाचं चाक?"
अजूनही रोज सकाळी गॅरेज उघडणारे बाबा नुसते हसले. माझ्याकडे बघून की दादाकडे, कळलं नाही.

१० फेब्रुवारी
भिंतीवर कागद लावला. या पान्याने फक्त आवळायचं, नट खोलायचे नाहीत. काम झालं की मूठ फिरवून सर्वांत खालच्या आकड्यावर आणायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. पाडायचा नाही. पुसून डब्यात. दादाने तो गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचला, स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात. सगळे खिदळले. मीही हसल्यासारखं केलं. घरी येऊन भांडी आपटली.

२२ मार्च
सकाळी डबा उघडला तर पाना उलटा ठेवलेला. मी कधीच उलटा ठेवत नाही. दादाला विचारलं. "असेल," म्हणाला. असेल!

१६ एप्रिल
व्हॅनवाल्या मावशींचं पुढचं चाक उतारावर डुगडुगायला लागलं. आत दवाखान्यात न्यायचे तीन पेशंट. चाकातून खटखट ऐकू आली म्हणून त्या थांबल्या— नाहीतर! नट सैल, नट ज्यावर बसतात ते दोन स्टड तुटलेले. ते चाक मीच बसवलं होतं. प्रत्येक नटाला टक ऐकला होता, शपथेवर सांगते.
मावशी ओरडल्या नाहीत. "तुझ्या हातावर भरवसा होता गं," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल
पाना तपासायला घेऊन गेले. एकशे दहावर लावला तर ऐंशीलाच टक! तपासणाऱ्याने मूठ फिरवून बघितली. "जाम नट खोललेत या पान्याने. एकदा-दोनदा नाही, नेहमी."
या पान्याने आवळलेली प्रत्येक गाडी परत बोलावायला लागणार. दिवसभर फोन केले. काही जण हसले, एकाने शिव्या दिल्या.
मग दादासमोर उभी राहिले. "तू खोललेस नट याने?"
त्याने पाना माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून बघितला. मग— "हो."
"मावशींचा जीव गेला असता!"
"हो."
सबब नाही, माफी नाही. नुसतं हो! दगडाला तरी पाझर फुटला असता.

१९ एप्रिल
रात्री जेवताना बाबा म्हणाले, "पोराने पाडला असणार पाना. हत्याराची कदर नाही त्याला." पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललं. दादा खाली मान घालून जेवत राहिला.

२ मे
बस डेपोच्या वर्कशॉपात लागले. इथे प्रत्येक टॉर्क पान्याला तपासणीच्या तारखेची चिठ्ठी, आणि घेताना सही. दादाला सांगितलं, जातेय. "जा," म्हणाला. थांब म्हणायला तोंड झिजलं असतं का?

२० मे
एका घरात राहून दादा बोलत नाही. नकोच.

११ जून
आज सुट्टी. माझे राहिलेले पाने आणायला सकाळीच गॅरेजवर गेले. शटर अर्धं वर. दादा बाहेर फुटपाथवर, कुलूप हातात घेऊन बसलेला. मला बघून पटकन ओठांवर बोट ठेवलं.
वाकून आत पाहिलं. बाबा! एकटेच. टॉर्क पान्याच्या लांब दांड्यावर पोट टेकवून, सगळं अंग टाकून, चाकाचा नट खोलत होते. उजव्या हाताची बोटं मिटतच नव्हती. नट हलला, तेव्हा लहान मुलासारखे खूश झाले. मग कपाळ पुसलं आणि दुसऱ्या नटाकडे वळले.
"कधीपासून?" मी कुजबुजले.
"हिवाळ्यापासून. हातात जोर राहिला नाही. साध्या पान्याला लावायला पाइप आणला तर सगळे विचारतील ना, याचा दांडा मुळातच लांब. आणि तेही कुणी यायच्या आत उरकतात."
"आणि तू माझ्या शिव्या खाल्ल्यास?"
"मग काय करू? पाना बाबांमुळे बिघडला हे मलाही तू विचारलंस तेव्हाच उमगलं. आपल्या खोलण्याने पाना बिघडला आणि चाक सैल झालं हे त्यांच्या डोक्यात आलेलं नाही. आलं, तर उद्यापासून घराबाहेर पडायचे नाहीत." तो गुडघे धरून उठला. "हा पाना आता त्यांच्यासाठीच ठेवलाय, खोलायला. आवळायचा वेगळा आणलाय, माझ्या कपाटात असतो. गाडी द्यायच्या आधी मीच सगळे नट पुन्हा बघतो."
मी त्याचा हात धरायला गेले. त्याने मागे घेतला. "आत्ता नको. ते बाहेर येतील. आपण बोलताना दिसलो तर विचारतील, मिटलं कसं."
पाने न घेताच परतले. वाटेत एका बाकावर बसून मनसोक्त रडले. एवढे दिवस कुणाला काय काय बोलले मी!

१२ जून
संध्याकाळी बाबा जवळ येऊन बसले. "दादाशी बोललीस का गं?"
"नाही."
"नकोच बोलूस. चूक केलीय त्याने, कळू दे जरा." आणि तो न मिटणारा हात माझ्या पाठीवरून फिरवला.
"बरं बाबा," म्हटलं.