पाटणला न जाता पाटण

१२ ऑगस्ट १९७४. इस्लामपूर.
पाटणहून कार्ड. अंजीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. आणायला भावानं जायचं, नाहीतर बापानं. अंजीला भाऊ नाही. म्हणजे मीच. येत्या रविवारी पहिल्या एस.टी.नं पाटण. पक्कं. फौजेत सिग्नलमध्ये सतरा वर्षं काढली, आता रेडिओ दुरुस्तीचं दुकान. हंबीरराव नाव उगाच नाही ठेवलं आईबापानं.
भूकंपाचा काही संबंध नाही. पाटणशेजारी कोयनेला झाला तो सदुसष्ट साली. संपला.

१८ ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.१०
स्टँडवर गेलो. गाडी लागली होती. कंडक्टर कुणाला तरी सांगत होता, परवा पाटणकडं जरा हाललं म्हणं, मांडणीवरची भांडी वाजली. मी काही विचारलं नव्हतं. पण दुकानात आकारामचा रेडिओ उघडा पडलाय हे एकदम आठवलं. स्क्रू हरवले तर जबाबदार कोण? परत आलो.
मनू, म्हणजे घरची, म्हणाली, आवं, पोरगी वाट बघत असंल की. म्हटलं, पुढचा रविवार. डबल पक्कं.

२३ ऑगस्ट
आज आयुष्य बदललं. रेडिओच्या व्हॉल्व्हचं पार्सल आलं, ते एका इंग्रजी मासिकाच्या फाटक्या पानात गुंडाळलेलं. डिक्शनरी घेऊन अडीच तास वाचलं. अमेरिकेत कुणा साहेबानं छताला टोप टांगलाय. त्यात डोकं घालायचं. चित्र दिसतं, आणि मान वळवली की चित्रबी वळतं. साहेब म्हणतो, पुढंमागं अशी अख्खी खोली होईल. आत पाऊल टाकलं की चारी बाजूंना दुसरंच गाव. दिसणार, ऐकू येणार, हात लावला तर हाताला लागणार. केव्हा होईल, ते पुढच्या ओळीत असणार. पान बरोबर तिथंच फाटलंय.
म्हणजे पाटणला न जाता पाटण! अंजी, जावई सयाजीराव, सगळी समोर, आणि आपले पाय इस्लामपुरात.
माझा अंदाज असा. आधी रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मुंबईला टी.व्ही. बहात्तर साली. या स्पीडनं खोली १९७८ अखेर. आपल्याकडं १९७९, एस.टी. स्टँडशेजारी.

२५ ऑगस्ट, रविवार
गेलो नाही. खोलीचं डिझाइन चालू. हे काम देशाचं आहे.

१ सप्टेंबर
गेलो. कऱ्हाडपर्यंत. गाडी सीटखाली थरथरायला लागली. इंजिनच असणार. पण इंजिन आणि दुसरं काही यातला फरक बुडाला कळत नाही. उतरलो. चहा घेतला, परत फिरलो. मनूला सांगितलं, घाट बंद आहे. ती म्हणाली, कऱ्हाड-पाटणमधी घाट कवापासनं आला? बायकांना भूगोल शिकवायला नको होता.

३ सप्टेंबर
मनू म्हणाली, मग मी जाते आणायला. पण व्याही नाथाजीरावांचा निरोप: बाप आला तर धाडू, न्हाईतर न्हाई, भावकीत नाक कापून घ्यायचं हाय व्हय? जुनाट माणसं. माझा नाइलाज.

८ सप्टेंबर
खोलीची ट्रायल. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत आढ्याला कोंबड्यांचं डालगं टांगलं. आतून अंजीच्या लग्नाचे फोटो चिकटवले. मी स्टुलावर बसून डोकं आत घातलं. शेजारचा गुंडा टेलर बॅटरी धरून उभा.
पहिलं मिनिट उत्तम. समोर अंजी, डावीकडं जावई, उजवीकडं व्याही मंडपात जेवताना. मान वळवली की खरंच वळत होतं. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात रस्त्यानं कारखान्याचा ट्रक गेला. डालगं हललं. अंजी हलली, मंडप हलला, व्याही ताटासकट हलले. मी ओरडलो म्हणे. मला आठवत नाही. गुंडा म्हणतो, तू स्टूल, डालगं आन् मला, तिघांना पाडून भाईर पळालास गड्या.
निष्कर्ष: सिस्टिममध्ये सुधारणा हवी.
आणि एक निष्कर्ष, जो गुंडाला सांगितला नाही. खोली हुबेहूब झाली तर पाटणचं घर येणार, अंगण येणार, मग ते हलणंबी येणार. हुबेहूब म्हणजे सगळंच. खोलीचं साल १९८५ केलं. घाई कशाला?

२९ सप्टेंबर
तार. आठव्यातच झाली. मुलगी. दोघी सुखरूप.
तिथंच खाली बसलो. मी वेळेवर गेलो असतो तर पोरगी आज इथं असती, आईजवळ.
नाही. वाटेत एस.टी.तच झालं असतं. मी गेलो नाही म्हणून दोघी वाचल्या. हे मनूला सांगितलं. ती उठून चुलीकडं गेली, माझ्याकडं बघितलंबी नाही.

९ ऑक्टोबर
बारशाला मनू एकटीच गेली. नाव वनिता ठेवणार. मी माझा युनिफॉर्ममधला फोटो दिला, बासष्टचा, काळ्या मिशांचा, फ्रेम करून. म्हटलं, पोरीला रोज दाखवा, आज्जा म्हणून. खोली येईपर्यंत कामचलाऊ व्यवस्था.

१७ मार्च १९७५
मनू तिसऱ्यांदा पाटणला जाऊन आली. वनू बसायला लागली. विचारलं, हललं का? म्हणाली, व्हय, दोनदा, पोर टाळ्या वाजवतीया. रात्री जेवण गेलं नाही.
लोक अजून सदुसष्टचं काढतात. तेव्हा पहाटे इथंबी हललं होतं. मी ट्रान्झिस्टर उचलून रस्त्यावर आलो, मनू आतच राहिली. सात वर्षं झाली, तिनं एकदाही काढलं नाही. तेच जास्त लागतं. पण बाहेरची परिस्थिती बघायला कुणीतरी आधी यायला पाहिजेच होतं.
खोलीचं साल २०००. फायनल.

१७ ऑक्टोबर
मनू दसरा करून आली. वनू चालती. आणि बोलती! माझ्या फोटोकडं बोट करून आज्जा म्हणते. ऐकून छाती फुगली. बघा, सायन्स! मग मनू म्हणाली, विहीणबाईंनी दसऱ्याला भिंतीवरच्या समद्या फोटोंना हार घातले, तुमच्याबी. वनू हात जोडून जय करते.
एकीकडं माझा फोटो, दुसरीकडं व्याह्यांचे वारलेले वडील. दोघांना सारखाच झेंडू. नाडी तपासून घेतली. चालू आहे.
आणखी एक. वनूचे केस डोळ्यांत येतात. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं. मामा नाही, तर आज्जाच्या. व्याही म्हणतात, आज्जा येईपर्यंत केसांना कात्री लागायची न्हाई, मग येण्या घालाव्या लागल्या तरी चालंल. मनू म्हणाली, पोरगी केसांतनं बघती हो. एवढंच म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

१८ जानेवारी १९७६, रविवार. पाटण. दुपारी ३
पोचलो. कऱ्हाडपर्यंत डोळे मिटून, पुढं उघडे, कारण मिटले की जास्त हलतं. मनूनं हात धरला होता. गर्दी होती म्हणून.
अंजी पाया पडली. म्हणाली, आबा, आलासा व्हय. मला हुंदका आला. धुळीमुळं म्हणालो.
न्हावी तयार बसलेला. मी पाटावर मांडी घातली, वनूला हाक मारली. ती आली नाही. केसांतून एकदा बघितलं आणि अंजीच्या पदराआड. अंजी म्हणाली, आगं, आज्जा हाय. वनूनं मान हलवली, भिंतीकडं बोट केलं, हात जोडले. जय.
म्हटलं, प्रूफ देतो. फोटो खिळ्यावरून काढला, तोंडाशेजारी धरला. ती एकदा फोटोकडं बघे, एकदा माझ्याकडं. ओळखणारच होती. तेवढ्यात मांडणीवरची भांडी वाजली.
भानावर आलो तेव्हा अंगणाच्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीशी होतो. एकटाच. घरातून बाकी कुणी हललं नव्हतं. न्हावी दारातून म्हणाला, आवं फौजी, एवढ्याला आमी तोंडातलं पान बी थुकत न्हाय.
हातात बघितलं. सदुसष्टला ट्रान्झिस्टर होता. आज फोटो.
मग दारातून वनू आली. रडत, धडपडत, दोन्ही हात पुढं करून, आज्जा, आज्जा. माझ्याकडंच! ऊर भरून आला. देवा, आयुष्यात एवढं मागितलं नव्हतं. फोटो जमिनीवर टेकवला, गुडघ्यावर बसलो, हात पसरले. ती माझ्या हाताखालून गेली आणि तिनं फोटोला मिठी मारली.
शेवटी न्हाव्यानंच तोड काढली. अंजीनं समोर फोटो धरला, तेव्हा कुठं वनू मांडीवर बसली. सगळा वेळ तिची पाठ माझ्याकडं. डोक्याला खोबरेलाचा वास. मी हललो नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही. जावळ निघालं. मनूनं केस पदरात घेतले आणि माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदा, तारेनंतर.
अंजी म्हणते, आबा, ऱ्हावा की चार दिस. राहणार. फक्त खाट अंगणात टाकायला सांगितली. जानेवारीची थंडी आहे, पण आत फोटो परत टांगलाय, आणि घरात एक आज्जा पुरे.