भुवईवरचं नाव

आई, मी तुला कधी हाक मारली नाही. मारून उपयोगच नव्हता. तू जन्माची बहिरी. तुझं लक्ष वेधायचं तर सारवलेल्या जमिनीवर टाच आपटायची; तुझ्या तळव्यांना ते कळायचं आणि तू चुलीपुढून वळून बघायचीस. वाचायलाही तुला येत नव्हतं, हे काय मला ठाऊक नाही? तरी लिहितोय. साठी उलटली की माणूस असलं काहीबाही करतो, असं समज.

लोकांना वाटायचं, उमरठचं आपलं घर म्हणजे चिडीचूप असणार. कसलं चिडीचूप! तुला ऐकू येत नव्हतं म्हणून तू भांडी अशी आपटायचीस की शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय रे, तुजी आय भांड्यांशी भांडताय का?" आपली खुणांची भाषा तुला कुणी शिकवली नव्हती. तूच घडवलीस, चुलीपुढं बसून. घरातल्या प्रत्येकाला तुझं वेगळं नाव होतं. बाबा म्हणजे मिशीला पीळ. गोठ्यातली गाय म्हणजे मोडकं शिंग. मी लहानपणी गोठ्याच्या उंबऱ्यावर आपटून भुवई फोडून घेतली होती, म्हणून भुवईवरून अंगठा फिरवला की तो मी. पुढे एकदा शाळेत पोरं तुझे हातवारे करून हसली, म्हणून मी मारामारी करून आलो, तर तू आधी एक सणसणीत ठेवून दिलीस, मग हळद लावलीस, आणि मग माझ्या दुसऱ्या भुवईवरून अंगठा फिरवून हसलीस. आता दोन्ही फुटल्या, असं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं काहीतरी लिहिलंय, पण माझं खरं नाव तेच होतं. तू गेल्यावर त्या नावानं मला कुणीच बोलावलं नाही.

महाडला हायवेच्या कडेला मी गेट-ग्रीलचं वर्कशॉप टाकलं, ते तू पाहिलं नाहीस. ग्राइंडर चालू असला की तिथं सगळेच बहिरे. मग काय, मी तुझ्याच खुणा चालवल्या. थांब, पाणी, चहा, डोळे मिट. बिहारहून आलेला कारागीरसुद्धा तुझ्याच खुणेनं चहा मागतो. आणि मला वाटायचं, बरंय, म्हातारी इथं तरी जिवंत आहे.

मग नात झाली. गोड पोर, पण टाळी वाजवली तरी वळेना. मी मागे जाऊन लादीवर टाच आपटली, तशी तिनं मान फिरवली; मुलगा आणि सून माझ्याकडे बघत राहिले. मला आधीच कळलं होतं. खरं सांगू? मला दुःख झालं नाही. मला वाटलं, तू आलीस. पण सुनेच्या डोळ्यांचं पाणी खळेना, आणि तिचंही बरोबर होतं. तुला अख्खं आयुष्य गावानं 'मुकी' म्हणून हाक मारली. ती हाक तुला ऐकू आली नाही, पण मला आली होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी टेबलावर नमुना ठेवून दाखवलं. कानाच्या आत शंखासारखं वेटोळं हाड असतं, त्यात केसाएवढी तार सरकवायची. तारेवर बारीक बारीक टिंबं. बाहेरचं मशीन आवाज पकडतं आणि ती टिंबं कानाच्या नसेला विजेचा हलका स्पर्श देतात. "हे इलेक्ट्रोड," डॉक्टर म्हणाले. मी जन्मभर वेल्डिंगचे रॉड जाळलेला माणूस, त्यांच्या पुडक्यावर हाच शब्द असतो. "अहो, ठिणगी-बिणगी?" असं विचारून बसलो. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, तिला चटकाही कळणार नाही इतका कमी करंट असतो, पण जे येतं ते आवाज आहे हे मेंदूला शिकावं लागतं, आणि शिकायचं वय हेच. बाहेर बाकावर साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते. हात थरथरायचे म्हणून त्यांच्या मेंदूत अशीच तार बसवलेली. काठोकाठ भरलेला चहाचा कप धरून मला म्हणाले, "बघा, सांडतोय का?" त्या कपाकडे बघून मी मुलाला म्हटलं, करून टाक.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर मशीन पहिल्यांदा चालू केलं, एकेक टिंब करत. खेळता खेळता पोरीचा हात मध्येच थांबला, आणि मग तिनं असं भोकाड पसरलं की विचारू नकोस. पुढचे महिने वाईट गेले. डोक्यावर चिकटणारी लोहचुंबकाची चकती ती ओढून काढायची आणि मीच केलेल्या गेटला नेऊन चिकटवायची. वर बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, घरात सगळ्यांनी बोलायचं, हातवारे बंद, नाहीतर कानाला कामच उरणार नाही. हातवारे! अगं, माझी मायबोली ती. माझे हात जरा उचलले गेले की सून म्हणायची, "बाबा, हात खाली." मी हात मांडीखाली घालून बसायचो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. रागही यायचा. पण बाई चुकीचं सांगत असतील असं म्हणायची माझी छाती नव्हती. माझ्या हातांपायी पोरीचा कान वाया गेला तर?

एका सकाळी ती ओट्यावर डबे मांडून बसलेली, मी मागे. धुरानं कमावलेला माझा खोकला आला, आणि ती वळली. आई, ती वळली! जमीन हलली नव्हती. मी पुन्हा खोकलो, ती पुन्हा वळली. मग मी खोकतच सुटलो, ती हसतच सुटली. सून आतून धावत आली, "बाबा, दमा लागला का?" तिला सांगता सांगता मलाच रडू फुटलं.

आता पोर 'आबा' म्हणते. परवा दारातून आबा म्हणाली आणि सोबत भुवईवरून अंगठा फिरवला. सुनेनं पाहिलं. "हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "खाजत असेल." साफ खोटं. आंघोळीच्या वेळी मशीन डबीत असतं, तेव्हा पोरीला काहीच ऐकू येत नाही. अंगावर पाणी घालायचं काम बहुतेक माझ्याकडे असतं, आणि तेवढ्या वेळात मी तिला तुझ्या खुणा शिकवत आलोय. सुनेला ते माहीत होतं म्हणे. संध्याकाळी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आंघोळीला मी घेते तेव्हा ती हातांनी काहीतरी सांगत असते, मला कळत नाही. बाबा, त्या भाषेत माझं नाव काय?" नावं ठेवायचं काम तुझं. तरी मी दोन्ही तळवे खाली दाबून दाखवले. हात खाली. ती इतकी हसली की पोरगीही तसेच तळवे दाबायला लागली.

हे सगळं तुला आपल्या पद्धतीनंच सांगणार होतो. काल तुझ्या फोटोसमोर बसलो, हात उचलले, आणि अडलो. 'ऐकू आलं' याला आपल्या घरात खूणच नव्हती. कधी लागलीच नाही. म्हणून हे लिहीत बसलो. उद्या आंघोळीच्या वेळी पोरीलाच विचारतो. ती करेल ती खूण घेऊन पुन्हा तुझ्यासमोर बसेन.