नवऱ्याची भाषा

प्रिय तेम्वा,

'प्रिय' लिहिताना हात अडला, हे आधीच सांगते. झोम्बाच्या विद्यापीठात एकाच विभागात आपण दुसरी भाषा कशी शिकवावी हे शिकवलं, एकाच किटलीतला चहा प्यालो, तरी तू मला कधी आवडली नाहीस. तू प्राध्यापक होऊन उत्तरेला मझुझूला गेलीस तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. टाळ्या पडल्या. मला मात्र सुटल्यासारखं झालं.

कारण तुला ठाऊक आहे. माझा नवरा तुझा मार्गदर्शक होता. तुंबुका बोलणारी मुलं शाळेत चिचेवा कशी शिकतात, या तुझ्या प्रबंधासाठी तुम्ही दोघं गावोगाव हिंडलात. परतला की लुसुंगूचा चेहरा असा उजळलेला, जणू आईच्या हातचं जेवून आलाय. माझ्याशी तो इंग्रजीत भांडायचा, चिचेवात लाडात यायचा. त्याची तुंबुका, तुम्हा दोघांची मायबोली, तेवढी तुझ्या वाट्याला. 'मलाही शिकव की,' असं एकदा म्हटलं, तर म्हणाला, 'अगं, दिवसभर वर्गात शिकवतोच. घरी तरी मला मास्तर नको करूस.' मी पुन्हा विषय काढला नाही. पण तू गेल्यावरही फोनवर तो तुझ्याशी त्याच भाषेत रंगायचा, तेव्हा मी मक्याच्या न्सिमाचं पातेलं उगाच आपटायचे.

यंदा पाऊस सरता सरता त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचला. पण बोलू लागला तेव्हा इंग्रजी नाही, चिचेवाही नाही. फक्त तुंबुका, तीही तुटक. डॉक्टर म्हणाले, 'असं होतं कधीकधी.' मला काय सांगतात? हे मी वर्गात शिकवलंय! तो काही मागतो. मी चहा आणते, उशी आणते, खिडकी उघडते. तो भिंतीकडे तोंड फिरवतो.

गावाहून नणंद आली. 'वहिनी, तू एवढी भाषेची पंडित, आणि सासरचीच भाषा येत नाही?' म्हणून हसली, भावाशी बोलत बसली, आणि मका काढायला परत गेली. जाण्याआधी तिच्याकडून मी एक वाक्य घोकून घेतलं: मी इथेच आहे. ते त्याला म्हटलं. त्याने डोळे मिटले, मान हलवली आणि माझा उच्चार सुधारला. पुन्हा म्हटलं, त्याने डोळे उघडून पुन्हा सुधारला. झटक्यानंतर पहिल्यांदाच तो माझ्याकडे नीट बघत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता जे लिहायला बसले ते. तो रोज तुझं नाव घेतो. नाव कळायला भाषा लागत नाही, तेम्वा. त्याच्या पुढचं कळत नाही, आणि तिथेच जीव जळतो. नणंदेला विचारलं तर म्हणाली, 'काही नाही गं, कामाचंच बोलतो.' खरं असेल. नसेलही. तेव्हा सुट्टी लागली की ये. मागची खोली रिकामी आहे, तळ्यातली मासळी करीन. त्याच्याशी पोटभर बोल. मात्र पलंगाशेजारी मी दोन खुर्च्या मांडणार आहे, आणि दुसरी माझी. तुम्ही हसलात तर का हसलात, ते मला तिथल्या तिथे सांगायचं. आणि संध्याकाळी मला शिकवायचं, अगदी पहिलीच्या पोराला शिकवतात तसं. मी चिडेन, चुकेन, रुसेन. तू शिकवशील. तू माझ्याहून चांगली शिक्षिका आहेस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेच तर सहन व्हायचं नाही.

अजूनही तुझ्यावर जळणारी, तरी तुझी वाट बघणारी,
एलुबी