पुढची सीट

रविवार, १४ एप्रिल

आमची टँडम, दोघांनी चालवायची सायकल, छताला टांगली! शेडमध्ये, उलटी, दोन जाड दोरांनी.

शुक्रवारी डोळ्यांच्या दवाखान्यातून आल्यापासून क्लिफर्ड जेमतेम चार शब्द बोलला असेल. आज सकाळी मी नेहमीसारखी सँडविचं बांधून, सायकलचे बूट घालून मागच्या दारात उभी, तर हा शिडीवर. म्हटलं, "अरे, सायकल क्लबातले सगळे पुलावर थांबले असतील." म्हणाला, "थांबतील आणि जातील. दरवेळी तेच करतात."

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे, कडेची राहील. औषध नाही. काळोख होणार नाही, पण वाचणं संपलं, गाडी संपली, सायकलचं हँडल तर संपलंच. "कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं. "नाताळपासून जरा धूसर," हा म्हणाला. मी मान डोलावली. मला तरी काय माहीत!

एकतीस वर्षं तो पुढे, मी मागे. मागच्या माणसाच्या हातात काही नसतं, ना वळणं ना ब्रेक. समोर नवऱ्याची पाठ. म्हणून मी मान उजवीकडे काढून त्याच्या खांद्याशेजारून बघते आणि दिसेल ते बोलते. खड्डा, मेंढी, वळण, कोणाच्या दोरीवर कसले पडदे वाळत घातलेत ते. माझी मान त्यानेच वाकडी झाली असं लेक म्हणते. क्लबातल्या लोकांचं ठरलेलं आहे: "एव्हरिलचे पाय थांबले तरी चालेल, तोंडाचा पट्टा थांबला की सायकल बंद!"

आज दिवसभर बूट काढलेच नाहीत मी. वेडेपणा.

सोमवार, १५ एप्रिल

पाऊस. बरंच झालं. आज कोणीच गेलं नसतं.

रविवार, २१ एप्रिल, ईस्टर

जिलियन आली होती जेवायला. कोकराची तंगडी, पुदिन्याची चटणी, सगळं केलं. बापाच्या ताटात मटण कापून द्यायला गेली, तर सुरी काढूनच घेतली त्याने. मग पुडिंगच्या वेळी तिने विषय काढला.

"डॅड, टँडम का टांगलीत? मम्मी पुढे बसेल, तुम्ही मागे बसा. पाय तर ठणठणीत आहेत ना?"

"तुझी आई?" हा. "तिला दुकानातली ढकलगाडी सरळ नेता येत नाही. परवा मटारच्या डब्यांचा डोंगर पाडला. कालव्यात घालेल मला."

"एकदाच झालं होतं ते!" मी.

"कालव्यातही एकदाच पडायचं असतं."

जिलियन हसली. मीही हसले. पण तो हसला नाही, उठून टेबलावरच्या बशा चाचपून गोळा करायला लागला. चेष्टा नव्हती ती. नाही म्हणजे नाही. पण हा माणूस घरात बसला तर वर्षभरात वाळून जाईल. सत्तरीचा आहे, पण डोंगर चढताना त्याच्या मागे बसलं की पायडलमधून कळतं की इंजिन कुठे आहे.

मला खरंच जमणार नाही का?

शुक्रवार, ३ मे

नेव्हिल आला. आमच्या बँडचा मास्तर, पूर्वी पोस्टमन होता, अजून दाराची घंटा दोनदाच वाजवतो. व्हिट फ्रायडेला, म्हणजे गावोगावच्या बँडच्या स्पर्धेला, सहा आठवडे राहिले, आणि क्लिफर्डने आपलं सोलो वाजवायचं कॉर्नेट, ती छोटी पितळी तुतारी, बँडला परत केलं होतं — पेटीसकट, पॉलिश करून!

"सुरांचा कागद दिसत नाही मला, नेव्हिल."

"मग कागदाकडे बघू नकोस."

"नवी चाल आहे."

"जुनी होईपर्यंत ऐक. तुला ऐकायला येतं ना अजून? का कानही टांगलेस छताला?"

मला वाटलं, आता भांडण होणार. क्लिफर्डने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाला, "चहा टाक एव्हरिल. याला दोन साखर. कडू माणूस आहे."

शनिवार, ११ मे

नेव्हिलने कॉर्नेट परत आणून दिलं, आणि फोनवर रेकॉर्ड केलेली ती चाल चाळीस वेळा. मी बटाटे सोलतेय, तो ओट्याला टेकून चार सूर वाजवतो, थांबतो, पुन्हा. शेजारच्या मिसेस ऑल्डरटननी भिंतीवर ठोकलं. संध्याकाळी त्याच भिंतीपलीकडून तीच धून गुणगुणताना ऐकू आल्या!

रविवार, १२ मे

आज जे पाहिलं — खरं तर पाहिलं नाही, तेच तर लिहायचंय.

तळघरात क्लिफर्डची फोटो धुवायची खोली आहे. बिस्किटांच्या डब्यात अकरा रोल पडून होते, न धुतलेले. दोनेक वर्षं "वेळ नाही" चाललं होतं त्याचं. आज डबा घेऊन कचऱ्याच्या पेटीकडे निघाला होता. मी वाटेत उभी राहिले. म्हटलं, मला शिकव.

"तुला?"

"मटारच्या डब्यांचं नाव काढू नकोस."

दिवा बंद केला. मिट्ट काळोख, स्वतःचा हात दिसेना. रोल उघडून फिल्म एका चकरीवर गुंडाळायची असते, बोटांनी, प्रकाशाचा एक थेंब न लागता. मी चार वेळा अडकवली. मग त्याने माझ्या हातांवर हात ठेवले. म्हणाला, "ओढू नको, तिला जाऊ दे. बघ, जाते." आणि गेली! गुळगुळीत, शेवटपर्यंत. त्या काळोखात मी आंधळी होते आणि तो डोळस. बाहेर आल्यापासून सारखं तेच मनात येतंय.

मग लाल दिवा, पसरट ट्रे, रसायनाचं पाणी. कोऱ्या कागदावर हळूहळू एक दगडी भिंत वर आली. तळाशी होतीच ती, फक्त पाण्याने वर काढली असं वाटलं. मी लहान मुलीसारखी ओरडले. "काय आलं?" तो विचारतो. "भिंत," म्हटलं, "आपण सँडविचं खायला थांबतो त्या धरणाची."

मंगळवार, १४ मे

चार रोल झाले. एक गोष्ट लिहू की नको? लिहिते. इथे नाही तर कुठे?

प्रत्येक फोटोत मधली जागा रिकामी. नुसती भिंत, नाहीतर माळरान, नाहीतर चहाच्या टपरीचं दार. आणि मी कुठे? अगदी कडेला, उजवीकडे. अर्धी कापलेली. एकात माझा कान आणि अर्धं सँडविच, बस्स! पूर्वीचे फोटो काढून बघितले. लग्नानंतरचे, जिलियन पोटात असतानाचे. सगळ्यांत मी मधोमध. उन्हाने डोळे बारीक केलेली, केस विस्कटलेली, पण मधोमध.

"कसे आलेत?" त्याने विचारलं.

"छान आलेत," म्हटलं.

रविवार, २६ मे

अकराच्या अकरा. सगळ्यांत तेच.

मी सासष्ट वर्षांची बाई, असल्या गोष्टीवर रडते म्हणजे कमालच आहे. पण माणूस कॅमेऱ्यातून ज्याच्याकडे बघतो ते मध्ये ठेवतो, एवढं मला कळतं. याने भिंतींकडे बघितलं. जेवताना मी बोलले नाही. ग्रेव्ही दे, मीठ दे, एवढंच. "आज फार शांत आहे घर," तो म्हणाला. मी नळ जोरात सोडला.

शुक्रवार, ७ जून

बँडच्या खोलीत तालीम. नेव्हिलने त्याला रांगेत मध्ये घातलंय. डावीकडे हॅरोल्ड, उजवीकडे हॅरोल्डची मुलगी, कोपराला कोपर. चाल पाठ झालीय त्याला. मी मागे खुर्चीवर विणत बसले होते. चुकलेले टाके घरी येऊन उसवले.

शनिवार, १५ जून

काल व्हिट फ्रायडे. आयुष्यात इतके व्हिट फ्रायडे झाले, पण असा नाही.

दुपारपासून एका गावातून दुसऱ्या गावात, बसमधून उतर, रस्त्याने वाजवत चढ, चौकात उभं राहून स्पर्धेची चाल वाजव, पुन्हा बसकडे पळ. डेल्फ गावाला पोचलो तेव्हा सातच वाजले होते, उजेड लख्ख. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, भिंतींवर पोरं, खिडक्यांत म्हाताऱ्या. परीक्षक नेहमीसारखा कॅरव्हॅनमध्ये, पडदे लावून. कोणता बँड आलाय ते त्याला दिसता कामा नये, नुसतं ऐकून गुण द्यायचे. क्लिफर्डला मी सांगितलं, "पडदे बंद आहेत हं." तर म्हणतो, "मग आम्ही दोघं बरोबरीत."

चढावर त्याचं पाऊल चुकलं नाही. रिंगणात उभे राहिले. नेव्हिलने हात वर केला. आणि सोलो आला तेव्हा क्लिफर्डने डोळे मिटून घेतले, तसे नुसतेच मिटले, जसे आंघोळीनंतर उन्हात बसून मिटतो. मला लिहिता येत नाही ते. एवढा मोठा रस्ता, एवढी माणसं, एकाच्याही हातातला कागद वाजला नाही. माझ्या शेजारी एक रांगडा गडी बिअरचा ग्लास धरून उभा होता, तो तसाच धरून राहिला, ओठाला न लावता. मी रोज ओट्याशी ऐकलेले ते सूर, बटाट्यांच्या सालींतले!  ह्या माणसाशी माझं लग्न झालंय, असं मनात आलं, आणि जरा भीतीच वाटली.

मग वाटाण्यांबरोबर मटण भरलेली पेस्ट्री खात चर्चच्या भिंतीशी उभे होतो. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या डोक्यावरून पलीकडे, कुठल्याशा दिव्याच्या खांबाकडे. मला राहवलं नाही. तीन आठवड्यांचं साचलेलं बाहेर आलं.

"इथे आहे मी, क्लिफर्ड! त्या खांबात काय आहे माझ्यापेक्षा चांगलं?"

तो दचकला. मग म्हणाला, "खांबाकडे बघितलं तर तू दिसतेस. तुझ्याकडे बघितलं की तू जातेस."

"म्हणजे?"

"मध्ये डाग आहे, बाई. जिथे बघेन तिथे डाग. तुला बघायचं तर दुसरीकडे बघावं लागतं." वाटाणे कागदी बशीवरून घसरत होते, ते त्याने अंगठ्याने अडवले. "नव्या टोपीत छान दिसतेस. आत्ता दिसतेय."

 मला भिंत दिसत होती. धरणाची. आणि कडेला मी, अर्धी. जिथे मी त्याला दिसत होते तिथेच त्याने मला ठेवलं होतं, प्रत्येक वेळी!

तिसरा नंबर आला. नेव्हिल रडला, म्हणाला धूळ गेली.

रविवार, १६ जून

सगळे फोटो पुन्हा काढून टेबलभर मांडले. कान आणि सँडविचचा मी फ्रेम करणार आहे.

मग रोलचे रिकामे डबे आवरायला घेतले. प्रत्येकावर क्लिफर्ड कागदाची पट्टी चिकटवून महिना आणि वर्ष लिहितो. मी कधी वाचल्या नव्हत्या. अक्षरं मोठी मोठी होत गेलेली, शेवटची तर लहान पोराने काढल्यासारखी. पहिली पट्टी उजेडात धरली. जुलै. गेल्या वर्षीचा नाही. त्याच्या आधीच्या वर्षीचा.

नाताळपासून म्हणाला होता!

खुर्चीत बसले. दोन उन्हाळे. मनातल्या मनात सगळे रविवार आले. गेल्या ऑगस्टमध्ये ब्लॅकस्टोन एजच्या डोंगरावरून खाली येताना वारा असा की डोळ्यांतून पाणी. दुधाच्या टँकरच्या शेजारून गेलो. पुलाखालचं ते काटकोनी वळण. मेंढ्या! मी मागे बसून गात होते, खिदळत होते, क्लबातल्या पोरांना हात करत होते. आणि पुढे एक माणूस, ज्याला समोरचं दिसत नव्हतं.

 आधी राग आला, मग भीती वाटली, आता दोन्ही. तो बागेत वालाच्या वेलांना काठ्या बांधतोय, शीळ घालत. तेच चार सूर. आज विचारणार नाही. आज विचारलं तर मी काहीतरी फेकून मारेन.

सोमवार, १७ जून

सकाळी विचारलं. सरळच. ब्लॅकस्टोन एज कोणी उतरवलं, क्लिफर्ड?

चहाचा मग त्याने दोन्ही हातांत धरला. मग कपाटाकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाला, "हात माझे होते. चालवलीस तूच. डावीकडे खड्डा म्हणायचीस, मी उजवीकडे घ्यायचो. वळण आलं म्हणायचीस, मी वळायचो. एकदाही चुकली नाहीस. ईस्टरला जिलियनसमोर हे कसं सांगणार होतो? म्हणून मटारचे डबे काढले."

मी एक शब्द बोलले नाही. एकतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

आत्ता शेडमधून खटखट येतेय. दोर सोडलेत, टँडम खाली आलीय. क्लिफर्ड पुढची सीट माझ्या उंचीला खाली घेतोय, नट बोटांनी चाचपत.