मामाजींच्या विहिरीचा सुळका

प्रिय मामाजी,

काल तुमच्या शेतातल्या विहिरीच्या पाण्याची बाटली मी स्वतः भरून आणली. आज ती तपासली, आणि तेव्हापासून नुसती रडून राहिले. तुमच्याशिवाय बोलू कोणाशी?

आठवतं, मी प्रबंधासाठी अमरावतीच्या कॉलेजातून रिकाम्या बाटल्या आणायची? आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींवर लुना फिरवून तुम्ही त्या भरून द्यायचे. "सूनबाई, एवढं पानी तुमचा कॉम्प्युटर पेते काय?" म्हणून वर हसायचे!

मग एकदा तुम्हाला स्क्रीनवर दाखवलं. खाली गावं, आणि पाणी जितकं खारं तितकी उंची. विहिरी एक इथं, एक तिथं. मधली जागा कॉम्प्युटर अंदाजानं भरतो, खांबांवर लुगडं ताणावं तसा गुळगुळीत पृष्ठभाग काढतो. तो सगळीकडे उंच, फक्त आपल्या गावाशी खड्डा. "मामाजी, तुमची विहीर गोड आहे!" मी केवढ्यानं ओरडले! तुम्ही टोपी सारखी केली आणि म्हणालात, "असन बाप्पा."

असन बाप्पा! तेव्हाच काहून नाही सांगितलं हो?

तुमच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पितात? मीच पुढं होऊन म्हटलं, विहिरीचं, पण ते गोड आहे, मी तपासलंय. तुम्ही खाटेवरून माझ्याकडे बघत होते. तेव्हा तरी सांगायचं!

तेरवी झाल्यावर भांडी आवरताना सासूबाई बोलल्या. "त्यायनं तुह्या बाटलीत नळाचं पानी भरलं होतं वं. म्हणे, सुनेच्या कालेजात आपलं खारं पानी कसं धाडू?"

घरचं नळाचं मोजकं पाणी आम्हाला ठेवून तुम्ही शेतात तेच खारं पीत राहिलात. माझ्यापुढे कसली लाज, मामाजी?

आज खरा आकडा टाकला. खड्ड्याच्या जागी सुळका उभा राहिला, साऱ्या पट्ट्यात उंच. शेजारच्या दोन गावांतली बाटली कधी आलीच नव्हती. तुमच्या एका बाटलीवर ती गावंही गोड दिसत होती, आणि पाणी चांगलं आहे असं मी तिथं सांगूनही आले होते.

प्रबंधाचे माझे सर म्हणाले, "हा बिंदू चुकलेला दिसतो. काढा, पृष्ठभाग छान होईल." काढून पाहिला. खरंच छान होतो. तिथं कधी कोणी पाणी प्यायलंच नाही, इतका छान.

सुळका मी काढणार नाही. प्रबंध अडला तर अडू दे. आणि उद्या त्या दोन गावांत जाऊन सांगेन, मी चुकले होते, ते पाणी पिऊ नका.

तुम्हाला सांगायचं राहिलं, तेच.

तुमची सून,
वैशाली