पुण्याला पाठवण्यामागं काय?

शुक्रवार, संध्याकाळ. उस्मानाबाद

प्राचार्यांनी आज स्वतः उठून दार लावलं. म्हणाले, "कुलकर्णी, निजामाची रीत गेली. आता मुंबई राज्याचे नियम जाणणारा माणूस पाहिजे. पुण्याला जा, शिक्षण प्रशासनात एम.ए. करा. परत आलात की कॉलेजचे रजिस्ट्रार तुम्हीच."

मी साधा हेडक्लार्क. माझ्यावर एवढी मेहेरबानी कशाला? आणि दार का लावलं?

शेवटी विचारलंच, "सर, माझ्या खुर्चीत संस्थेच्या अध्यक्षांचा जावई बसणार ना?"

ते चपापले. "बसंल. मला अडवता येत नाही. पण पदवी असली तर तुम्हाला कुणी हलवू शकणार नाही."

खरं असेल? की गोड बोलून बाहेरची वाट दाखवली?

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जावा, शिकून या. इथं कोण काय करतंय, माझं लक्ष राहील."

आज दिवसभरात तेवढंच खरं वाटलं. उद्या होकार देतो.